साकू

शंतनूचा पहिला ठाम शब्द
माझ्या भाषेतला नव्हता.
'साकू' म्हणाला, म्हणजे पुरे,
आणि वाटी पालथी घातली.
फरशीभर आमटीभात.
सांडलेल्या कशातही नकाशा दिसावा
इतकी आम्हाला इथं सवय आहे,
पण तो नुसता भात होता
आणि पुसायला मी होते.

दिवसभर तो शेजारी नीलव्वांकडे असतो,
मी उद्यमबागेत, फाउंड्रीच्या हिशेबांत.
त्यांच्या मांडीवर ताकात कुस्करलेली भाकरी खातो
आणि ढेकर देतो, असं त्या सांगतात.
माझ्यासमोर ओठ शिवून बसतो.
चिऊ येते, काऊ येतो,
दोघं पोटभर जेवून जातात,
हा तसाच.
सासूबाई मीठमोहऱ्या उतरवतात.
नवरा म्हणतो, "सोड गे, भूक लागली की खातंय की."
मी मोबाइल लावते. कार्टून नाचतं,
तोंड उघडतं, चमचा आत जातो,
आणि मला चोरी केल्यासारखं वाटतं.

रविवारी गोकाकला निघालो, धबधबा दाखवायला.
दशम्या, शेंगाचटणी, दहीभात,
तीन झबली, एक टॉवेल.
अंकलगीच्या अलीकडं
त्याचा डावा बूट खिडकीतून गेला.
"बूट बित्त री," कंडक्टर म्हणाला,
शिट्टी काही वाजवली नाही.

धबधब्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
कड्यावरून एवढं पाणी कोसळतंय
आणि हा एका गळक्या नळापुढं उकिडवा.
थेंब पडला की टाळी,
मग पुढच्या थेंबाची वाट बघत गप्प.
फोटो काढायचे राहिले होते,
म्हणून ओढून नेला.

त्याचा सूड हॉटेलात.
टेबलाखाली आडवा, पाय झाडत.
पेला गेला. सांबार गेलं
आत्याबाईंच्या नव्या इरकलीवर.
आजूबाजूची टेबलं
दोन्ही भाषांत गप्प झाली.
"एक लावून दे," कुणीतरी म्हणालं,
आमच्यातलंच होतं.

उचलला आणि बाहेर पायरीवर येऊन बसले.
समजूत घातली नाही, माझ्याकडं ती उरली नव्हती.
हुंदके आपोआप संपायला किती वेळ लागतो
हे मी कधी थांबून पाहिलंच नव्हतं.
वेटरनं न सांगता इडली आणून ठेवली.
बशी त्याच्या पुढ्यात सरकवली,
चमचा पिशवीतच राहू दिला.
त्यानं चुरा केला,
थोडा केसांत, थोडा मुंग्यांना,
आणि एक मूठ माझ्या तोंडात कोंबली.
खाल्ली. दुसरीही.
तिसरी गिळायच्या आत चौथी.
"साकू," मी म्हणाले.
त्यानं ऐकलं नाही. माझी हनुवटी धरली,
अगदी माझ्यासारखी, दोन बोटांनी, घट्ट,
आणि पाचवी मूठ पुढं केली.
"साकू रे, साकू."
तेव्हा हात थांबला.
माझ्याकडं जरा वेळ बघितलं
आणि तो घास
त्यानं स्वतःच खाल्ला.

परतीच्या बसमध्ये अंकलगी आली तशी
आम्ही सगळेच खिडक्यांना चिकटलो,
आत्याबाईसुद्धा, सांबाराच्या वासासकट.
बूट दिसला नाही.
एक इवली चप्पल दिसली,
दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराची.
तो माझ्या मांडीवर झोपलेला,
एक पाय उघडा,
बोटांना सुकलेली इडली.

सोमवारी रात्री वाटी पुन्हा पालथी झाली.
त्याआधी तो 'साकू' म्हणाला होता.
मी ऐकलं होतं.
तरी हात पुढं गेला होता.